सुप्त अंड्यांचा संच: रोटिफर चोख, डॅफ्निया नखरेल

पाण्याचा विषारीपणा तपासण्यासाठी गोड्या पाण्यातल्या प्राण्यांच्या सुप्त अंड्यांचे तयार संच मिळतात. हे परीक्षण त्यातल्या जोडसंचाचं: एका नळीत ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या रोटिफरची (सूक्ष्म जलप्राण्याची) अंडी, दुसरीत डॅफ्निया मॅग्ना या पाणपिसवेची. सोबत क्षारांच्या बाटल्या, बारीक चाळणी, डॅफ्नियाच्या खाण्यासाठी स्पिरुलिनाची पूड. चाचणीसाठी उत्तम. पण अंडी उबवून पुढे प्राणी पाळायचे असतील, तर माहितीपत्रक जिथे संपतं तिथूनच खरं काम सुरू होतं.

रोटिफरच्या नळीबद्दल तक्रारीला जागा नाही. अंडी क्षारांच्या पाण्यात ओतायची, २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ३,००० ते ४,००० लक्स उजेड सतत द्यायचा. १६ ते १८ तासांत पिल्लं फिरू लागतात. तासांचा हिशेब चुकवू नका: चाचणीला ताजीच पिल्लं लागतात आणि संचात त्यांच्यासाठी खाणं नसतं. संध्याकाळी अंडी टाकली तर सकाळी हजर राहावंच लागतं.

डॅफ्नियाचं तसं नाही. तिची सुप्त अंडी इफिपियम नावाच्या काळपट कवचात असतात. शब्दाचा मूळ अर्थ खोगीर, आणि ते आईच्या पाठीवर दिसतंही तसंच. एका खोगिरात जास्तीत जास्त दोन अंडी, कधी एकही नाही. उजेडासमोर धरून दोन गडद फुगवटे दिसतात का ते पाहा. फिकट, चपटं कवच बहुधा रिकामं असतं. पिल्लं कमी निघाली की लोक नळीला दोष देतात, पण मोजायची असतात ती भरलेली कवचं.

कवचं आधी चाळणीवर नळाच्या पाण्याने नीट धुवा. साठवणीचा द्राव राहिला तर उबवण बिघडते. मग २० ते २२ अंश, ६,००० लक्स, ७२ ते ८० तास. उजेडात हात आखडू नका. फ्रिजचा गारवा आणि अंधार मिळून अंडं झोपलेलं राहतं; नुसती ऊब देऊन अंधारातच ठेवलं तर बरीचशी झोपूनच राहतात. आणि एकदा जागा झालेला भ्रूण पुन्हा सुप्तावस्थेत जात नाही. म्हणून उजेडात उबवायला ठेवलेली कवचं फ्रिजमध्ये परत ठेवण्याची काटकसर फुकट जाते.

दोन्हींचं पाणी वेगळं, अदलाबदल नको. रोटिफरला मध्यम कठीण पाणी चालतं. डॅफ्नियाचं बरंच कठीण: एक लिटर शुद्ध पाण्यात स्फटिकजल धरून कॅल्शियम क्लोराइड २९४ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट १२३.२५, शिवाय सोडियम बायकार्बोनेट ६४.७५, पोटॅशियम क्लोराइड ५.७५. क्षार विरघळल्यावर पाण्यात हवा सोडा. तांब्याचं भांडं किंवा नळी जवळपासही नको. नवी पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून अडकतात, तीही अलगद खाली ढकलावी लागतात.

रोटिफरला पाचपैकी साडेचार, डॅफ्नियाला तीन. गेलेले दोन गुण प्राण्याचे नव्हेत, स्पिरुलिना आणि माहितीपत्रकाचे. चाचणीपूर्वीच्या दोन तासांच्या खाण्याला ती पूड ठीक. रोज घातली तर तळाशी बसून पाणी नासवते. पाळायचं असेल तर क्लोरेलासारखं जिवंत हिरवं शेवाळ हवं, तेही पाण्याला हलकी हिरवट झाक येईल इतकंच.

पुनरुत्पादनाबद्दल तर माहितीपत्रक गप्पच. सुप्त अंड्यातून निघालेला प्रत्येक रोटिफर मादी असतो. या माद्या नराविना, अनिषेकजननाने माद्याच घालत जातात. गर्दी वाढली की रोटिफरनीच पाण्यात सोडलेल्या रसायनाने काही मुली वेगळ्या निपजतात. यांची अंडी एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली. फलन झालं नाही तर त्यातून पचनमार्गच नसलेला चिमुकला नर, झालं तर जाड कवचाचं सुप्त अंडं. म्हणजे नवी सुप्त अंडी हवी असतील तर भांड्यात दाटी होऊ द्यायला हवी. दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदलणारा नीटनेटका माणूस तो इशाराच धुऊन टाकतो. शिवाय सुप्त अंड्यातून आलेल्या पहिल्या काही पिढ्या गर्दीला फारशी दाद देत नाहीत, तेव्हा पहिल्या आठवड्यात निराश होऊ नका.

डॅफ्नियाला गर्दीबरोबर खाण्याची टंचाई आणि लहान दिवस लागतो. एकच इशारा पुरेलच असं नाही. नर तयार झाले नाहीत तर मॅग्ना खोगीर टाकते, पण रिकामं. २० अंशांवर तिला पहिली पिल्लं व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे महिन्याभराच्या प्रकल्पात हे सगळं बसवणं अवघडच. मुदत कमी असेल तर रोटिफरचीच नळी घ्या.