मुदतपूर्व बाळासाठी मिल्क बँकेचे दूध की डब्यातले?

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाला आईचे दूध पुरत नसेल, तर मिल्क बँकेतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेले, दूध द्यावे की पावडरचे, हा प्रश्न परिचारिकांना नवा नाही. पावडरच्या दुधाने वजन लवकर वाढते हे खरे. मात्र त्यावर वाढणाऱ्या बाळांत आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिसचा, धोका अधिक आढळतो, आणि माझ्या मते पारडे इथेच मिल्क बँकेच्या दुधाकडे झुकते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेल्या बँकेसारख्या ठिकाणी दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवतात; त्यात जंतू मरतात, पण काही संरक्षक घटकही घटतात, शिवाय प्रथिने बेताचीच असल्याने बहुधा फॉर्टिफायर, म्हणजे पोषण वाढवणारे पूरक, मिसळावे लागते. दट्ट्या काढलेल्या सिरिंजमधून दूध बाळाच्या पोटात जाणाऱ्या नळीत आपसूक उतरू देण्याची सबुरी मात्र दोन्हीकडे सारखीच लागते.