1050 टीआय सांगून माझ्या गळ्यात काय मारलं

6,500 रुपये गेले. यूपीआयने, माझ्याच हाताने. हसायचं असेल तर हसा, पण सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा होता, बजेट 32,000. आय3-12100एफ प्रोसेसर 7,400, एच610 मदरबोर्ड 6,100, 16 जीबी रॅम 3,200, 500 जीबी एसएसडी 2,900, 450 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) 2,700 आणि (हो, माहितीये) दिव्यांची कॅबिनेट 2,600. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागाला, उरले 7,100. गेमिंग मशीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा हवा, हे मित्रांना सांगत फिरणारा मीच. त्यात पैसे वाचवायला घेतलेल्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं. कार्ड येईपर्यंत मशीन म्हणजे नुसता डबा. घाई झाली ती त्यामुळे.

जाहिरात जीटीएक्स 1050 टीआय, म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या 10 सीरिजमधल्या कार्डाची, 4 जीबीची. डोंबिवलीत विकणाऱ्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या मशीनवर नाव बरोबर, 4 जीबी बरोबर, व्हिडिओही चालला. माणसाने आणखी काय बघायचं?

बघायचं होतं की! कार्डाच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट (जुन्या मॉनिटरची वायर लावायची जागा) होता. माझा मॉनिटर जुना, व्हीजीएवाला, म्हणून मी खूश. “बरं झालं, कन्व्हर्टरचे चारशे वाचले,” असं मीच त्याला म्हणालो. तो नुसता हसला. एनव्हिडियाने 10 सीरिजमध्ये ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागणारा जुन्या पद्धतीचा सिग्नल, काढूनच टाकलंय. खऱ्या 1050 टीआयला व्हीजीए सहसा नसतंच. हे मी कधीतरी वाचलंही होतं. चारशे रुपयांनी डोळे बांधले.

घरी ड्रायव्हर बसेना, गेम उघडला की स्क्रीन काळी. नवं जीपीयू-झेड (कार्डाच्या आत काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर नावाआधीच ‘फेक’. आत 2011 च्या जीटीएक्स 550 टीआयची चिप, 192 कोअर (चित्राचं गणित करणारे भाग). खऱ्यात 768 असतात. कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून वर नाव तेवढं नवं चढवलेलं. जीपीयू-झेड स्वतःच्या पेन ड्राइव्हवर न्या, विकणाऱ्याच्या मशीनवरचं मुळीच उघडू नका. आणि पाच मिनिटं तरी गेम चालवून बघा, व्हिडिओ कशावरही चालतो.

चौकीत गेलो. “कार्ड? एटीएमचं का?” तिथपासून सुरुवात. अर्धा तास समजावल्यावर, “पण चित्र दिसतंय ना? मग फसवणूक कसली?” सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणे, समोरासमोर घेतलंत, वस्तू हातात मिळाली, पैसे स्वखुशीने दिलेत, तुमच्या चौकीतच जा. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच मागितली तर “विश्वास नाही का?” ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर बिल मागतात. सेकंडहँड कार्डाचं बिल कोण देतं हो? मी दोन सुट्ट्या घालवल्या, रिक्षाचे 340 वेगळे. त्याचा नंबर तेव्हापासून बंद. पैसे गेले ते खातंही दुसऱ्याच नावाचं होतं, तेही मला स्क्रीनवर दिसलं होतं.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, फोटो तोच, निळ्या पोर्टसकट. किंमत 6,800.