एपीसीटी-३ : गाळात दहा मिनिटे थांबणारा तापमापक

समुद्रतळाखालून वर येणाऱ्या उष्णतेचा प्रवाह मोजण्यासाठी संशोधन जहाजांवर जी साधने असतात, त्यांत एपीसीटी-३ हे दिसायला सर्वांत साधे आहे. गाळाचा कोअर, म्हणजे लांब दंडगोल नमुना, घेणाऱ्या पिस्टन कोअररच्या टोकाला जे पोलादी कटिंग शू, म्हणजे गाळ कापणारे कडे, असते, त्याच्या भिंतीतल्या पोकळीत सेन्सर आणि नोंदी साठवणारे इलेक्ट्रॉनिक्स बसवलेले असते. डेकवर पडलेले शू पाहून आत तापमापक आहे हे कुणी सांगूही शकणार नाही. एका मोहिमेत हे साधन हाताळल्यानंतर आणि त्याच्या नोंदींशी पुढे बरेच दिवस झटापट केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मऊ गाळासाठी याहून भरवशाचे साधन नाही, मात्र ते देते त्या आकड्यापेक्षा ते काढते त्या आलेखावर विश्वास ठेवावा.

समुद्रतळात विवर खणून मोजण्याची गरज का पडते, हे आधी सांगितले पाहिजे. १९५२ साली रेव्हेल आणि मॅक्सवेल या शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातील पहिली मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हापासून तळाच्या चिखलात काही मीटर लांबीची सळई रोवून तापमान घेण्याची पद्धत चालत आली आहे, आणि ती स्वस्त व जलद आहे यात वाद नाही. पण तापमान दर किलोमीटरला ६० अंशांनी वाढत असेल, तर चार मीटरच्या सळईच्या दोन टोकांत फरक पडतो जेमतेम पाव अंशाचा. तळाचे पाणी गेल्या काही महिन्यांत दशांश अंशाने जरी गरम-थंड झाले असेल, तरी त्याची सावली या फरकावर पडते. विवरात ४० आणि १०० मीटर खोलीवर मापन केले की तोच फरक ३.६ अंशांवर जातो आणि पाण्यातले हे चढउतार तिथवर पोहोचतच नाहीत.

अर्थात खणण्याने स्वतःच तापमान बिघडते. पाइपमधून सतत थंड समुद्राचे पाणी खाली सोडले जात असते, त्यामुळे विवराच्या भिंतीला तापमापक लावला तर बहुतांशी आपणच सोडलेले पाणी मोजले जाईल. एपीसीटी-३ची खरी करामत इथे आहे. पाण्याचा दाब वाढून रोखून धरणाऱ्या पिना तुटल्या की कोअर बॅरल, म्हणजे कोअर आत घेणारी नळी, ड्रिल बिटच्या (खणणाऱ्या पात्याच्या) पुढे साडेनऊ मीटर गाळात घुसते, म्हणजे सेन्सर जिथे पोहोचतो तिथपर्यंत खणण्याचा थंडावा अजून गेलेला नसतो. मापनासाठी वेगळी फेरीही करावी लागत नाही, कारण कोअर तर घ्यायचाच असतो. सर्वसाधारणपणे दर तिसऱ्या कोअरला हे शू लावले जाते.

आता आलेखाकडे. खाली जाताना काही मिनिटे तळाशी थांबावे लागते, तेव्हा रेष तळाच्या पाण्याच्या तापमानावर, खोल समुद्रात दोन अंशांच्या आसपास, सपाट होते. शू गाळात घुसताच घर्षणाने तापमान एकदम उसळते आणि मग आधी झपाट्याने, नंतर रेंगाळत उतरू लागते. गाळाच्या मूळ तापमानाशी पूर्ण जुळायला लागणारा वेळ कुठलेही जहाज देऊ शकत नाही, म्हणून दहा मिनिटांची उतरण घेऊन पुढचा प्रवास सॉफ्टवेअरने गणिताने काढायचा असतो. ही दहा मिनिटे ड्रिलरला आवडत नाहीत, आणि त्यात त्याची चूक नाही. गाळात रुतलेले बॅरल जितके थांबेल तितके ते अडकून बसण्याचा धोका वाढतो.

माझी मुख्य तक्रार अशी की, साधन खाली असताना वर काहीच कळत नाही. नोंदी आत साठतात आणि शू डेकवर येऊन जोडणी होईपर्यंत आपण आंधळे असतो. आमच्या चौथ्या मापनाच्या वेळी समुद्र उसळलेला होता. आलेख पडद्यावर आला तेव्हा सहाव्या मिनिटाला उतरणीत एक लहानसा उंचवटा दिसला, म्हणजे बॅरल गाळात हलले होते आणि घर्षणाची नवी उष्णता मिसळली होती. सॉफ्टवेअरने मात्र त्यातूनही एक नेटका आकडा काढून दिला, दशांशचिन्हानंतरच्या दोन स्थळांसकट. गणनेची खिडकी, म्हणजे गणनेसाठी निवडलेला वेळेचा टप्पा, किंचित पुढे-मागे सरकवली की आकडा जागचा हलत होता. चांगल्या मापनात तो फारसा हलत नाही, आणि ही पारख कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडते.

एकट्या तापमानातून उष्णताप्रवाह मिळत नाही, हेही खरेदीपूर्वी, म्हणजे मोहिमेची आखणी करताना, ध्यानात ठेवावे. प्रवणतेला, म्हणजे खोलीबरोबर तापमान वाढण्याच्या दराला, गाळाच्या औष्णिक वाहकतेने (उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेने) गुणावे लागते आणि ती प्रयोगशाळेत कोअर स्थिर तापमानाला आल्यावर सुईसारख्या प्रोबने मोजली जाते. आलेखात खोलीऐवजी वाहकतेतून येणाऱ्या औष्णिक रोधासमोर, म्हणजे वरच्या गाळाने उष्णतेला केलेल्या एकूण अडथळ्यासमोर, तापमान मांडले आणि बिंदू एका सरळ रेषेत बसले, तर उष्णता केवळ वहनाने वर येत आहे असे म्हणता येते. रेषा वाकली तर गाळातून पाणी वाहत असल्याचा संशय घ्यावा. नव्या समुद्री कवचात उष्णतेचा मोठा हिस्सा फिरते पाणीच वाहून नेत असल्यामुळे हा संशय बारीकसारीक नाही. म्हणून दोन मापनांवर समाधान मानू नये, किमान तीन तरी घ्यावीत.

साधनाची मर्यादा गाळाच्या कडकपणाने ठरते. सेन्सर ० ते ३० अंशांसाठी प्रमाणित केलेला असतो, पण नेहमीच्या प्रवणतेला ३० अंश गाठण्याआधीच बहुधा पिस्टन कोअरर घुसेनासा होतो. त्याखाली बिटच्या पुढे रोवायचा वेगळा प्रोब वापरतात. कडक गाळाला त्याने तडा गेला की त्यातून विवराचे थंड पाणी सेन्सरपर्यंत येते, त्यामुळे त्याच्या यशाचे प्रमाण मला कमीच वाटते. कठीण खडकात तर दोन्ही निरुपयोगी आहेत. पूर्व प्रशांत महासागरातील कोस्टा रिका रिफ्टजवळचे ५०४बी हे २,१११ मीटर खोल विवर तळाशी दोनशे अंशांच्या जवळपास तापलेले आहे, पण त्याच्या वरच्या भागात वर्षानुवर्षे समुद्राचे पाणी खाली ओढले जात होते आणि तिथले तापमान बिघडवत होते. अशा विवरांना तोंडाशी बूच लावून सेन्सरची माळ आत सोडण्याची व्यवस्था १९९१ पासून आहे, पण तिचा खर्च आणि खटाटोप वेगळ्याच पातळीवरचा.

आमचे ते चौथे मापन मी शेवटी गणनेतून वगळले. उरलेले तीन बिंदू सरळ रेषेत बसले.