बोटाला टोचायचं की दंडाला चिकटवायचं?

मधुमेहासाठी घरी रक्तातली साखर तपासायची ठरलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेणारा ग्लुकोमीटर घ्यायचा, की दंडावर चिकटवून दहा-पंधरा दिवस ठेवायचा सेन्सर? आमच्या बाबांसाठी आधी काही वर्षं नुसता मीटर होता. इन्शुलिन सुरू झाल्यावर सेन्सर लावला. मीटर मात्र अजूनही त्यांच्या उशाशी असतो. दोन्ही रोज हाताळल्यावर जे कळलं ते, निवड करायला बसलेल्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी दोघं काय मोजतात ते बघू, कारण बरेचसे गैरसमज तिथेच होतात. मीटर रक्तातली साखर मोजतो. त्यात घालायच्या छोट्या पट्टीच्या, म्हणजे स्ट्रिपच्या, टोकाला एन्झाइमचा थर असतो. थेंब आत ओढला गेला की ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा निघतो. मायक्रोलिटरभर किंवा त्याहून कमी रक्त पुरतं, आणि बहुतेक मीटर पाचेक सेकंदांत आकडा देतात. 1960च्या दशकातल्या पट्ट्यांवर भलामोठा थेंब टाकून मिनिटभर थांबायचं, तो पाण्याने धुवायचा आणि पट्टीचा रंग तक्त्याशी ताडून बघायचा, असा सगळा खटाटोप होता.

सेन्सर रक्तापर्यंत जातच नाही. त्याची केसासारखी तार कातडीखाली, पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवात असते. साखर आधी रक्तात बदलते, या द्रवात मागाहून, साधारण पाच ते पंधरा मिनिटांनी. साखर स्थिर असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. जेवणानंतर चढताना किंवा इन्शुलिनने भरभर उतरताना ते वेगळे येतात, आणि तसे आले म्हणून दोघांतलं एक बिघडलंय असं होत नाही.

अचूकतेच्या जोरावर निवड करायला जाल तर हाती फारसं काही लागणार नाही. मीटरसाठीचं 2013चं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 15197, असं सांगतं की साखर 100च्या खाली (दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम; इथले साखरेचे सगळे आकडे याच मापात) असेल तर 95 टक्के रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 मिलिग्रॅमच्या आत असावीत, आणि 100 किंवा वर असेल तर 15 टक्क्यांच्या आत. म्हणजे खरी साखर 200 असताना मीटरने 175 दाखवली तरी तो मानकात बसतो. लागोपाठ दोनदा टोचून 142 आणि 155 आले म्हणून मीटर फेकू नका. सध्याच्या चांगल्या सेन्सरची सरासरी चूकही 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास असते.

मीटर: यंत्र साधं, शिस्त आपली

मीटर क्वचितच बिघडतो. चुका होतात त्या हाताच्या, थेंबाच्या आणि स्ट्रिपच्या डबीच्या.

एका संध्याकाळी बाबांचं रीडिंग 268 आलं. ते घाबरले, मीही घाबरले, डॉक्टरांना फोन लावायला घेतला. तेवढ्यात त्यांच्या नखाशी चिकटलेला फळाच्या सालीचा पिवळा रेशा दिसला. नुकतंच फळ सोलून ते तसेच तपासायला बसले होते. साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, शेजारच्या बोटाला टोचलं: 131. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पुरती निघत नाही, साबण आणि पाणीच लागतं. आणि हात ओला राहिला तर थेंब पातळ होऊन आकडा उलट कमी येऊ शकतो.

टोचायचं ते बोटाच्या कडेला. टोकाच्या मऊ भागात नसा दाट असतात, तिथे जास्त दुखतं. थेंब येत नसेल तर हात कोमट पाण्याने धुवा, खाली सोडून थोडा हलवा, तळहाताकडून बोटाकडे हलकेच चोळत या. बोट करकचून पिळलं तर रक्ताबरोबर पेशींमधला द्रवही बाहेर येतो. सुई दर वेळी नवी घ्यावी. वापरलेली सुई बोथट होते आणि जास्त दुखवते. टोचणीचं पेन घरातल्या दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, नुसती सुई बदलूनसुद्धा नाही, कारण त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात जमा करायच्या, उघड्या कचऱ्यात नाही.

मीटरची खरी निगा म्हणजे स्ट्रिपची निगा. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप काढली की झाकण त्याच क्षणी घट्ट लावायचं. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत. न्हाणीघर, फ्रीज, उन्हात उभी गाडी या तिन्ही जागा वाईट. डबी उघडल्यावर किती महिने चालते ते तिच्यावरच छापलेलं असतं. छापील एक्स्पायरी लांबची असली तरी उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नवी डबी उघडली, मीटर हातातून पडला किंवा आकडे तब्येतीशी जुळेनासे झाले, की कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे ठरावीक ग्लुकोज असलेल्या तपासणीच्या द्रावणाचा, थेंब घालून बघावं. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला तर स्ट्रिप आणि मीटर ठीक आहेत. मीटरबरोबर ही बाटली बऱ्याचदा येत नाही, मागून घ्यावी लागते. मीटर पुसायचा तो किंचित ओल्या फडक्याने, आणि स्ट्रिप घालायच्या खाचेत पाण्याचा टिपूसही जाऊ द्यायचा नाही.

काही गोष्टी शिस्तीने सुटत नाहीत. रक्त कमी असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर बऱ्याच मीटरांवर आकडा खऱ्याहून जास्त दिसतो. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असतं, त्यांना काही विशिष्ट एन्झाइमच्या स्ट्रिपा धोकादायक ठरतात: साखर कमी असताना त्या जास्त दाखवतात. अशा रुग्णांनी मीटर डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

प्रयोगशाळेशी ताळा बघायचा असेल तर उपाशीपोटी बघा. तिथे शिरेतून रक्त काढलं की पाच-दहा मिनिटांत आपल्या मीटरवर बोटाचं रीडिंग घ्यायचं. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेपेक्षा जास्तच असते, त्यामुळे तेव्हाची तुलना फसवते.

सेन्सर: टोचणं नाही, पण लक्ष हवं

सेन्सर एकदा लावला की दर एक ते पाच मिनिटांनी आकडा देतो. पाच मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला 288. शिवाय साखर चढते आहे की उतरते आहे ते सांगणारा बाण असतो. मीटरवर 110 म्हणजे नुसते 110. सेन्सरवर 110च्या पुढे खाली तोंड केलेला बाण दिसला तर गाडी चालवायला बसण्याआधी काहीतरी खायला हवं. हा फरक फार मोठा आहे.

आमच्यासाठी तो पहिल्याच आठवड्यात दिसला. बाबांचे सकाळचे आकडे वर्षभर वहीत छान दिसत होते. आलेखावर मात्र पहाटे तीनच्या सुमाराला साखर 60च्या खाली जाऊन परत वर येत होती, आणि झोपेत त्यांना पत्ताही लागत नव्हता. डॉक्टरांनी आलेख बघून रात्रीचं इन्शुलिन कमी केलं. मीटरवर हे पकडायचं तर कुणीतरी रोज पहाटे उठून टोचायला हवं होतं.

त्याच सेन्सरने एकदा रात्री अडीचला अलार्मही दिला. आकडा 58. मी धावत गेले. बाबा गाढ झोपलेले, अंग कोरडं, घाम नाही, आणि कूस बरोबर सेन्सरच्या हातावर. बोटाला टोचलं तर 117. दंड दाबला गेला की तिथल्या द्रवाचा पुरवठा मंदावतो आणि सेन्सर खोटं लो दाखवतो. कूस बदलल्यावर थोड्या वेळाने आकडा आपोआप वर आला. तेव्हापासून, ज्या कुशीवर ते झोपत नाहीत त्या दंडावरच सेन्सर लावतो.

देखभाल म्हणावी तर कातडीची. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल किंवा क्रीम लावायचं नाही, दर वेळी जागा बदलायची. काहींना चिकटपट्टीने खाज सुटते, पुरळ येतं. लावल्यावर सेन्सर तयार व्हायला मॉडेलप्रमाणे अर्धा ते दोन तास लागतात, आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा हातचं राखूनच वाचावेत. काही सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने, काहींवर पॅरासिटॅमॉलने आकडा चढा दिसतो. आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक एवढ्यासाठी तरी वाचाच.

एक त्रास माहितीपत्रकात नसतो. पहिला महिनाभर बाबा दर दहा मिनिटांनी फोन बघायचे. जेवणानंतर रेघ वर गेली की ताट अर्धं टाकून उठायचे. साखर जेवणानंतर वर जाणारच. बहुतेक प्रौढांसाठी दिवसाचा 70 टक्क्यांहून जास्त वेळ ती 70 ते 180 या पट्ट्यात असावी आणि 70च्या खाली 4 टक्क्यांहून कमी वेळ असावी, एवढंच बघायचं असतं. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर पट्ट्यातल्या वेळेचं उद्दिष्ट सैल करतात, 70च्या खालच्या वेळेचं मात्र आणखी कडक. हे त्यांना दोन-तीनदा समजावून सांगितल्यावर फोन खिशात राहू लागला.

मग कुणी काय घ्यावं

फक्त गोळ्यांवर असाल, त्या गोळ्यांनी शुगर लो होत नसेल आणि आकडे स्थिर असतील, तर मीटर पुरे. पण रोज सकाळी एकच उपाशीपोटीचं रीडिंग घेत बसू नका, त्यातून फार कमी कळतं. एक जेवण निवडा, त्याच्या आधी आणि सुरुवातीपासून दोन तासांनी तपासा. दुसऱ्या दिवशी दुसरं जेवण. आठवड्याभरात कुठलं जेवण महागात पडतंय ते दिसतं, आणि स्ट्रिपाही बेतात लागतात. मीटर एकदाच घ्यायचा असतो, खर्च स्ट्रिपांचा चालू राहतो, म्हणून घेण्याआधी त्या आपल्याकडे सहज मिळतात का ते बघा.

टाइप 1 मधुमेह असेल, दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेत असाल, रात्री शुगर लो होत असेल, किंवा लो झाल्याचं अंगाला कळेनासं झालं असेल, तर मी सेन्सरच सांगेन. लहान मुलं आणि एकटी राहणारी माणसं यांच्यासाठीही, कारण अलार्म दुसऱ्याच्या फोनवर पाठवता येतो. मधला मार्गही आहे: एरवी मीटर, आणि औषध बदललं की एखादा सेन्सर लावून तेवढ्या दिवसांचा आलेख डॉक्टरांना दाखवायचा.

न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024मध्ये स्पष्ट बजावलं होतं की स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

सेन्सर घेतलात तरी मीटर ठेवावा लागतो. लक्षणं एक आणि आकडा दुसराच सांगत असेल तेव्हा बोटालाच टोचायचं. लो झाल्यावर तर नक्कीच. 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घेतलं, 15 मिनिटं थांबलो, तरी सेन्सर मागे असल्यामुळे लोच दाखवत राहतो. माणूस घाबरून आणखी खातो, आणि तासाभराने साखर 250ला पोचलेली असते. बोटाचा थेंब त्या वेळी आधी खरं सांगतो. म्हणून बाबांच्या उशाशी एक छोटा बटवा आहे: मीटर, टोचणी, ग्लुकोजच्या गोळ्या, आणि स्ट्रिपची डबी, जिच्या झाकणावर ती उघडल्याची तारीख पेनने लिहिलेली असते.