जुन्या डिझेल ट्रकचा हवेचा मार्ग बदलताना: ऑइल बाथ, कोरडा फिल्टर, उघडा कोन आणि प्री-क्लीनर

टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेल्या जुन्या डिझेल ट्रकच्या मालकाला इंजिनाकडे जाणाऱ्या हवेचा मार्ग स्वतः बदलायचा असेल, तर त्याच्यापुढे प्रत्यक्षात चार पर्याय असतात. आहे तो ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलाच्या भांड्यात धूळ अडवणारा फिल्टर) नीट करून ठेवणे, त्याच्या जागी डब्यातला कोरडा कागदी फिल्टर बसवणे, बाजारात मिळणारा उघडा कोन फिल्टर थेट नळीच्या टोकाला लावणे, किंवा यांपैकी कोणत्याही फिल्टरच्या आधी हवा घेण्याचे तोंड उंच नेऊन त्यावर जड धूळ आधीच बाजूला काढणारा प्री-क्लीनर चढवणे. ही सगळी कामे तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये होतात आणि थोडेफार वेल्डिंग येणाऱ्या मालकाला घरीही करता येतात. परंतु त्यांतून मिळणारे फायदे एका जातीचे नाहीत, आणि बहुतेक जण ज्या फायद्यासाठी हे काम काढतात तो, म्हणजे पिकअप, यांतल्या एकातही फारसा मिळत नाही.

याचे कारण डिझेल इंजिनाच्या रचनेत आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हवेचा झडपा उघडतो. बहुतेक डिझेल इंजिनांत असा झडपा नसतोच. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फ्युएल पंप जास्त डिझेल सोडतो, आणि हवा मात्र त्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) सिलिंडर जेवढी ओढू शकतात तेवढीच येत राहते. पूर्ण लोडवर किती डिझेल सुटावे याची मर्यादा पंपाच्या सेटिंगमध्ये बांधलेली असल्यामुळे हवा थोडी मोकळी झाली तरी ताकद आपोआप वाढत नाही. फिल्टर बदलल्यावर गाडी हलकी वाटली आणि धूर कमी झाला, असा अनुभव अनेकांना येतो व तो खराही असतो. पण त्याचा अर्थ एवढाच की जुना फिल्टर तुंबलेला होता आणि डिझेल पूर्ण जळण्यापुरती हवा मिळत नव्हती. तोच फिल्टर साफ केला असता तरी तोच फरक दिसला असता.

म्हणून कोणतेही सामान विकत घेण्यापूर्वी आहे त्या मार्गात हवेला किती अडथळा होतो, हे मोजून घ्यावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवावी, तिच्या दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवाव्यात, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे आणि एक टोक फिल्टर व मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) यांच्यामधल्या नळीला निपल लावून जोडावे. दुसरे टोक उघडे राहील. टर्बो नसलेल्या इंजिनात ओढली जाणारी हवा जवळजवळ केवळ आरपीएमवर अवलंबून असल्यामुळे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी मोजमाप योग्य येते. टर्बो असलेल्या गाडीवर मात्र ते पूर्ण लोडवर, चढावरच घ्यावे लागते. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक हाच अडथळा. उत्पादकाने वेगळा आकडा दिला नसेल, तर टर्बो नसलेल्या डिझेलसाठी साधारण 500 मिलिमीटर पाणी ही फिल्टर बदलण्याची मर्यादा मानली जाते. साफ केलेल्या जुन्या फिल्टरवर फरक 250 मिलिमीटरच्या आत येत असेल, तर त्या ट्रकचा हवेचा मार्ग पुरेसा मोकळा आहे आणि ‘जास्त हवा’ या कारणासाठी त्यावर एक रुपयाही घालण्याची गरज नाही.

तरीही बदल करण्याचे एक भक्कम कारण उरते, ते म्हणजे धूळ. माझ्या मते या संपूर्ण निर्णयाचा तोच पाया असायला हवा. खडी-क्रशर, खाण, ऊसवाहतूक किंवा वीटभट्टीच्या कच्च्या रस्त्यावर उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते लोखंडापेक्षा कठीण असतात. त्यांतले 5 ते 20 मायक्रॉन आकाराचे कण विशेष घातक, कारण पिस्टनची रिंग आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधल्या तेलाच्या थरात ते शिरतात आणि दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येणे, इंजिनाने तेल खाणे, सकाळी स्टार्टला त्रास देणे आणि शेवटी बोअरचे काम (झिजलेले सिलिंडर दुरुस्त करून नव्या रिंगा बसवणे) निघणे, या साखळीची सुरुवात पुष्कळदा हवेच्या मार्गातच झालेली असते.

धुळीचा हिशोब मांडून पाहिला की फिल्टरांमधला फरक डोळ्यांत भरतो. टाटा 407 वरील टर्बो नसलेले 497 इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याची क्षमता 2956 सीसी आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते; सिलिंडर 85 टक्के भरतात असे धरले, तर 2000 आरपीएमला ते मिनिटाला सुमारे 2500 लिटर, म्हणजे तासाला 150 घनमीटर हवा ओढते. एका घनमीटर हवेत 10 मिलिग्रॅम धूळ आहे असे समजू. तासाभरात फिल्टरच्या तोंडाशी दीड ग्रॅम धूळ येईल. फिल्टरने तिच्यातली 97 टक्के अडवली तर 45 मिलिग्रॅम धूळ सिलिंडरमध्ये जाते, 99.9 टक्के अडवली तर दीड मिलिग्रॅम. कागदावर तीन टक्क्यांचाही फरक नसलेल्या या दोन फिल्टरांमध्ये इंजिनाच्या दृष्टीने तीसपटींचे अंतर आहे.

हे दोन आकडे ढोबळमानाने ऑइल बाथ आणि चांगला कोरडा फिल्टर यांचे आहेत. ऑइल बाथमध्ये हवा वेगाने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले तेलाने ओल्या झालेल्या जाळीवर अडकतात. ही क्रिया हवेच्या वेगावर चालत असल्यामुळे आरपीएम चढलेले असताना ती चांगली होते आणि इंजिन स्लोवर असताना तिची कार्यक्षमता उतरते. क्रशरवर भरणीच्या रांगेत तासन्‌तास स्लोवर उभ्या असणाऱ्या ट्रकला याचा नेमका तोटा होतो, कारण आजूबाजूची धूळ तेव्हाच सर्वांत दाट असते आणि फिल्टर तेव्हाच सर्वांत दुबळा असतो.

असे असूनही ऑइल बाथला मोडीत काढणे मला पटत नाही. त्याला दर वेळी विकत घेण्याचा भाग नसतो, जाळी डिझेलमध्ये धुऊन वाळवली की काम भागते, आणि धूळ साचली तरी हवेचा अडथळा कागदी फिल्टरइतका झपाट्याने वाढत नाही. जो ट्रक बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर चालतो, किंवा जिथे खात्रीचा फिल्टर मिळायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, तिथे व्यवस्थित ठेवलेला ऑइल बाथ हा निकृष्ट कागदी फिल्टरपेक्षा निश्चित बरा. व्यवस्थित ठेवणे म्हणजे तेल खुणेपर्यंतच भरणे, तळाशी अर्धा इंच गाळ बसण्यापूर्वी ते बदलणे आणि भांड्याच्या रबरी सीलकडे दुर्लक्ष न करणे. खुणेच्या वर तेल भरण्याची चूक जिवावर बेतू शकते. जास्तीचे तेल हवेबरोबर ओढले गेले तर इंजिन त्या तेलावरच पळू लागते, आणि मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही.

कोरडा फिल्टर निवडणाऱ्याने डबा थोडा मोठाच घ्यावा. वरच्या 497 इंजिनाला 2800 आरपीएमला मिनिटाला साधारण साडेतीन घनमीटर हवा लागते. डब्याची क्षमता याहून सरस असली की एलिमेंट (डब्यातला गाळणारा कागदी भाग) जास्त दिवस टिकते. बाहेरचे मुख्य एलिमेंट आणि आत दुसरे सेफ्टी एलिमेंट असलेला डबा घेणे शहाणपणाचे, कारण मुख्य एलिमेंट फाटले किंवा रस्त्यात बदलावे लागले तरी इंजिन उघडे पडत नाही. डब्याच्या तळाची धूळ सोडणारी रबरी चोच खालच्या दिशेलाच यावी, आणि ब्रॅकेट चेसिसला बसवायचे की इंजिनाला, हे आधी ठरवावे. डबा चेसिसवर असेल तर इंजिनाचे हेलकावे सोसणारी लवचीक होज मध्ये हवीच, नाहीतर नळी सांध्याशी तडकते.

कागदी फिल्टरबाबत आपल्याकडे एक सवय इंजिनाचे मोठे नुकसान करते, ती म्हणजे दर दोन दिवसांनी एलिमेंट काढून टायरवर आपटणे आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाबाची हवा मारणे. आपटल्याने सीलची कड वाकते, जोरदार हवेने कागदाला बारीक छिद्रे पडतात, आणि डबा उघडण्याच्या प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. वास्तविक कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळण्याचे काम करतो, म्हणून थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो. डब्यावर तांबडी पट्टी दाखवणारा इंडिकेटर बसवून त्याने सांगितल्यावरच तो उघडावा. हवा मारायचीच असेल तर दाब 2 बारच्या आत ठेवून, आतून बाहेरच्या दिशेने मारावी. ज्या मालकाला ही शिस्त ड्रायव्हर आणि क्लीनरकडून पाळून घेता येणार नाही, त्याच्यासाठी कोरडा फिल्टर हा चांगला पर्याय राहत नाही.

उघड्या कोन फिल्टरवर फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कामाच्या ट्रकवर तो लावू नये. बॉनेटखाली उघडा असलेला फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली हवा ओढतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बाहेर 45 अंश असताना आत 70 अंश असतील, तर इंजिनाला मिळणारी हवा वजनाने सुमारे 7 टक्क्यांनी घटते. तेल लावलेले कापडी कोन बारीक धूळ कागदाइतकी अडवत नाहीत, आणि धुतल्यावर तेल कमी-जास्त लागले की त्यांचा भरवसा आणखी कमी होतो. आवाज वाढल्यामुळे ताकद वाढल्यासारखी वाटते, एवढाच त्याचा परिणाम.

चौथा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो. जड धूळ चाकांच्या उंचीवर दाट असते आणि वर विरळ होत जाते, त्यामुळे हवा घेण्याचे तोंड केबिनच्या मागून छताच्या उंचीला नेले की फिल्टरकडे येणारी धूळच कमी होते. त्यावर ट्रॅक्टरला असतो तसा, हवेला गरगर फिरवून धूळ पारदर्शक वाडग्यात टाकणारा प्री-क्लीनर बसवावा. तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो, त्याला एलिमेंट लागत नाही आणि वाडगा किती भरला हे ड्रायव्हरला खाली उभे राहून दिसते. बारीक कण त्याच्या हाती लागत नाहीत, म्हणून तो फिल्टरची जागा घेऊ शकत नाही. मात्र ऑइल बाथचे तेल आणि कागदाचे आयुष्य, दोन्ही त्यामुळे वाढते. छोट्या ट्रॅक्टरचा प्री-क्लीनर मोठ्या इंजिनावर लावला तर तोच अडथळा होईल, तेव्हा बसवल्यावर पाण्याच्या नळीने पुन्हा मोजावे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसासाठी टोपी योग्य हवी. पाण्यातून गाडी काढावी लागत असेल तर फिल्टरच्या आधीचे सांधेही जलरोधक असले पाहिजेत, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

नळीच्या बाबतीत काटकसर करू नये. घरगुती पाण्याची पीव्हीसी पाइप इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नळी व तिच्या सांध्यांना जाड रबरी होज हे योग्य सामान. आतला व्यास 63 ऐवजी 75 मिलिमीटर घेतला तर तेवढ्याच हवेला नळीचा अडथळा जवळपास निम्मा होतो. वेल्डिंगचे मणी आणि लोखंडाचा चुरा आतून पूर्ण साफ केल्याशिवाय नळी चढवू नये.

फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला एक सैल क्लॅम्प सर्वांत महागड्या फिल्टरचा उपयोग शून्यावर आणतो. काम झाल्यावर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात फिरवावा, गाडी आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर चालवावी आणि मग नळी उघडून पांढऱ्या फडक्याने ते ग्रीस पुसावे. फडक्यावर खरखर लागली तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत गाडी कामावर पाठवू नये. काही जुन्या डिझेल इंजिनांत मॅनिफोल्डच्या तोंडाशी झडपा आणि तिथून पंपाकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी असते. हा न्यूमॅटिक गव्हर्नर, म्हणजे हवेच्या ओढीवर आरपीएम आवरणारी यंत्रणा, असतो. तिथे काहीही तोडू वा वगळू नये, कारण ती नळी सुटली तर इंजिनाचे आरपीएम ताब्याबाहेर जातात.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांत फरक पडेल अशा बदलांना मनाई करते, आणि फिल्टरचा डबा त्या तपशिलांत येत नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाचे फिटनेस मात्र दरवर्षी होते आणि धुराची चाचणीही होते, म्हणून ‘आता हवा वाढली आहे’ असे म्हणून डिझेल वाढवण्यासाठी फ्युएल पंपाचा स्क्रू फिरवून घेऊ नये. धूर वाढेल आणि एक्झॉस्टचे तापमानही.

क्रशर, खाण किंवा मातीकामावर रोज चालणाऱ्या ट्रकला मी उंच तोंड, प्री-क्लीनर आणि दुहेरी एलिमेंटचा कोरडा डबा असा पूर्ण बदल सुचवीन, आणि पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर पहिला टप्पा प्री-क्लीनरचा असावा. हंगामापुरता ऊस किंवा बाजारचा माल वाहणाऱ्या गाडीला ऑइल बाथवर प्री-क्लीनर पुरेसा आहे. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीचे मोजमाप 250 च्या आत असेल, तर नवे सील, ताजे तेल आणि घट्ट क्लॅम्प एवढेच करावे. आणि ज्या इंजिनाच्या ब्रीदरमधून आधीच जोरात धूर येत आहे, त्याचा हवेचा मार्ग बोअरच्या कामाबरोबरच बदलावा, म्हणजे नव्या रिंगांना पहिल्या दिवसापासून स्वच्छ हवा मिळेल.