गाडी रोज पुसावी, घरी धुवावी की सेंटरला न्यावी?

मामेभावाने दसऱ्याला गडद निळी गाडी घेतली. पेढा अजून तोंडात होता, तेवढ्यात शोरूमवाल्यांनी रंग जपणाऱ्या कोटिंगचे तीन पर्याय त्याच्यापुढे ठेवले: टेफ्लॉन, सिरॅमिक किंवा पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, यातलं काय करू?" मी उलट विचारलं, "गाडी धुणार कोण?" त्याला वाटलं मी विषय टाळतोय. पण कोटिंगचं उत्तर याच प्रश्नात असतं, आणि हे मला माझी काळी गाडी खराब करून घेतल्यावर कळलं.

दुसऱ्या वर्षी एका रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. वरच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड बॉनेटवर पडला आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं कोळ्याचं जाळं दिसलं. खरं तर त्या रेघा गोल नसतात. सगळीकडे आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात, त्यातल्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. गाडी तर रोज सकाळी पुसली जात होती. जाळं त्या पुसण्यानेच विणलं होतं.

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी त्या शेवटच्या थराची. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा मोहच्या मापावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० च्या पट्टीवर, ७ आहे. क्लिअर कोट त्यापुढे लोणीच. नुसती धूळ बसून रंगाचं फारसं बिघडत नाही. ती दाबून ओढली की बिघडतं. पुढे जे पर्याय तोलले आहेत ते याच एका काट्यावर.

रोजचा ओला फडका

महिना पाचशे रुपये, आपल्याला काही करावं लागत नाही आणि ऑफिसला निघताना गाडी चकाचक. सोयीत याच्याशी कुणी स्पर्धा करू शकत नाही. पण एक बादली पाणी आणि एक जुना टॉवेल यांत दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. चौथ्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ पॉलिश पेपर झालेला असतो. यात पुसणाऱ्या काकांची चूक नाही. सोसायटीच्या नळाला सकाळी अर्धा तास पाणी, आणि आठच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

पांढरी किंवा चंदेरी गाडी असेल आणि चार-पाच वर्षांत विकायची असेल, तर खुशाल पुसू द्या. त्या रंगांवर जाळं दिसायला उन्हात डोळे बारीक करून बघावं लागतं. काळी, गडद निळी, मरून असेल तर मात्र नाही. मी काकांना सोडलं नाही, काम बदललं: रोज फक्त काचा, आरसे आणि चाकं. पैसे तेवढेच. पहिल्या आठवड्यात त्यांना माझ्यावर संशय आला. आता ते शेजाऱ्यांना "त्या साहेबांच्या गाडीला हात लावायचा नाही" असं सांगतात, जरा विक्षिप्त माणसाबद्दल सांगावं तसं.

पिसांचा किंवा दोऱ्यांचा डस्टर हा याच घराण्यातला. ओला फडका निदान थोडं वंगण देतो, डस्टर कोरडाच घासतो.

वॉशिंग सेंटर

तीनशे ते सहाशे रुपयांत प्रेशर, फेस, आत व्हॅक्यूम आणि टायरला काळं पॉलिश. प्रेशरने सुटी माती उडते, तिथवर काम छान चालतं. गडबड पुढे होते. फेस मारल्यावर जो स्पंज फिरतो तो आधीच्या जीपच्या मडगार्डवरून आलेला असतो, कधी खाली पडलेला असतो. पुसायचे कपडे ओले, करकरीत आणि सामाईक. फेसाचा साबणही बऱ्याच ठिकाणी तीव्र असतो. मळ झटक्यात निघतो, सोबत तुम्ही लावलेलं वॅक्सही जातं.

तरी एका बाबतीत सेंटरला घरी तोड नाही: गाडीचं पोट. पावसाळ्यात कोकणातून आलात की चाकांच्या कमानींत लाल माती थापलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि गंजाला तीच सुरुवात पुरे असते. लिफ्टवर गाडी चढवून खालून पाणी मारणं आपल्या पार्किंगमध्ये जमणार नाही. मी पावसाळ्यात दोन-तीनदा जातोच, पण आधी स्पष्ट सांगतो: "खालून धुवा, वरून फक्त पाणी मारा, फडका लावू नका." पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटत नाही. पैसे पूर्ण देतोय म्हटलं की ऐकतात.

घरी: दोन बादल्या

बंगला असेल किंवा पार्किंगजवळ नळ असेल तर माझं मत यालाच. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची, मगच पुन्हा शाम्पूत. बुडाला जाळीची चकती टाकली की बसलेली माती परत वर येत नाही. छतापासून खाली यायचं आणि दारांखालचा उंबऱ्याचा भाग शेवटी, कारण सगळ्यात जास्त खडी तिथे. चाकांचा कपडा वेगळा. तो चुकून बॉनेटवर गेला तर मग सगळं मुसळ केरात.

शाम्पू गाडीचाच घ्या. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनलेलं असतं. वॅक्स म्हणजे त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच. दोन्हींनी एका धुण्यात रंग उडत नाही, पण वरचं संरक्षण निघून जातं.

घरचा प्रेशर वॉशर घ्यावा का? पाच ते दहा हजारांत चांगलं यंत्र मिळतं, आणि धुण्याआधी धूळ न शिवता उडवणं हा त्याचा खरा उपयोग. नुसत्या पाइपने पंधरा मिनिटं धुतलं तर मिनिटाला १२ लिटरच्या हिशोबाने १८० लिटर पाणी जातं. प्रेशर वॉशर मिनिटाला पाच-सहा लिटर घेतो आणि चालतोही आठ-दहा मिनिटंच, म्हणजे ४०-६० लिटर. नोझल रंगापासून फूटभर लांब धरा आणि फिरत्या धारेचं नोझल फक्त फरशीसाठी ठेवा. बॉनेटच्या कडेला दगडाने टवका उडाला असेल तर जवळून मारलेली धार तो आणखी सोलते. पार्किंगमध्ये नळ किंवा प्लग यातलं एक जरी नसेल, तर हे यंत्र माळ्यावर जातं. माझ्या ओळखीत अशी दोन आहेत.

वाळवणं हा भाग लोक उरकून टाकतात, आणि बोअरचं पाणी असेल तर नेमका तिथेच घात होतो. थेंब उन्हात वाळला की त्यातला कॅल्शियम मागे उरतो, पांढरं कडं पडतं आणि काही आठवड्यांत ते क्लिअर कोटमध्ये रुतून बसतं. म्हणून धुणं सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना, आणि लगेच जाड टॉवेलने टिपून घ्यायचं. ताजी कडी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन निघतात. लावायचं, मिनिटभराने पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं नाही.

घरी: पाच लिटरमध्ये

फ्लॅटवाल्यांनी आणि टँकरच्या गावांनी इथे थांबावं. रिन्सलेस म्हणून द्रावण मिळतं. त्यातली पॉलिमर मळाच्या कणांना वेढून घेतात, त्यामुळे ते रंगावर न घासता कपड्यात उचलले जातात आणि नंतर धुवावं लागत नाही. प्रमाण बाटलीवर असतं. बऱ्याच प्रसिद्ध द्रावणांचं १:२५६ आहे, म्हणजे पाच लिटरला जेमतेम २० मिली. अर्ध्या लिटरची बाटली पंचवीस वेळा पुरते. बंगळुरात मार्च २०२४ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणून ५,००० रुपये दंड ठेवला, तेव्हा तिथल्या माझ्या मित्राला हाच मार्ग उरला होता. नंतर त्याने तो सोडला नाही.

पद्धत मात्र नीट पाळायला हवी. आठ-दहा मायक्रोफायबर कपडे द्रावणात भिजवून ठेवायचे. त्याच द्रावणाचा फवारा आधी दारावर मारून दोन मिनिटं मुरू द्यायचा. मग कपड्याची चार पदरी घडी करून एका दिशेने, जोर न लावता फिरवायचं आणि प्रत्येक ओढीनंतर स्वच्छ बाजू वर घ्यायची. वापरलेला कपडा परत बादलीत टाकायचा नाही. हा एक नियम मोडला की तुम्ही रोजच्या फडक्यावरच परत आलात, फक्त महाग बाटलीसह.

चिखलाने लडबडलेल्या गाडीला हे चालत नाही. आधी पाणी मारून चिखल उतरवावाच लागतो. जुलैत मी सेंटर आणि रिन्सलेस अशी जोडी लावतो: माती तिथे सोडतो, रंगाला हात घरी लावतो. एरवी शनिवारी पाऊण तास आणि पाच लिटर पाणी एवढ्यात भागतं.

आता कोटिंग

मामेभावाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शोरूममधलं टेफ्लॉन मी सरळ खोडलं. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना आणि तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. बॉनेटवर मशिनने चोळून तसा थर बसत नाही. मिळतं ते काही महिने टिकणारं चांगलं पॉलिश, आणि ते पाचशे-सातशेच्या सीलंटने घरी होतं.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांचं. गडद रंगावर त्याची झळाळी मला अजूनही सगळ्यांत आवडते, पण आपल्या उन्हात ते दीड-दोन महिनेच टिकतं. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर, चार-सहा महिने जातं, झळाळी जरा काचेसारखी. आळशी माणसाने सीलंट घ्यावं. मी घेतो.

सिरॅमिकसाठी वीस-तीस हजार सांगतात आणि सोबत "९एच" हा मंत्र. हा ९एच पेन्सिलींच्या कठीणपणाचा आहे, हिऱ्या-माणकांच्या मापाचा नाही. चांगलं सिरॅमिक दोन-तीन वर्षं मळ चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, पक्ष्यांच्या विष्ठेला थोडा वेळ अडवतं. पण दगडाचा टवका थांबवत नाही, आणि मळक्या फडक्याचे ओरखडे त्यावरही पडतात. शिवाय एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत: सिरॅमिकवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात. बोअरचं पाणी आणि उघड्यावरचं पार्किंग असेल तर प्रत्येक थेंब उन्हात वाळून कडं सोडतो. अशांनी सिरॅमिकआधी पाण्याची सोय बघावी.

पीपीएफ ही वेगळी जात. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म असते, म्हणजे क्लिअर कोटच्या तीन-चारपट. दगड खरोखर अडवते, आणि चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने भरून येतात. पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या आसपास किंवा वर जातो. एक्सप्रेसवेवर आठवड्याला ये-जा असेल तर फक्त बंपर, बॉनेटचा पुढचा भाग आणि आरसे एवढंच लावून घ्या.

सर्व्हिसिंगच्या वेळी "रबिंग-पॉलिश करून देतो, नवी दिसेल" म्हणतात, तिथे सावध राहा. रबिंग म्हणजे क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरणं. गाडी नवी दिसतेच, पण दर वेळी थोडा थर कायमचा जातो. आयुष्यात दोन-तीनदा, जाडी मोजून करणाऱ्याकडून, एवढंच ठीक.

पारवे तर प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्या विष्ठेतलं आम्ल उन्हात तापलेल्या रंगावर काही तासांत डाग पाडतं. दिसल्या दिसल्या ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवायचा, मग उचलून घ्यायची, घासायची नाही. झाडाखाली चिकट थेंब पडतात त्यांनाही हेच. कव्हर घालणार असाल तर धुतलेल्या गाडीवरच, कारण धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि रात्रभर पॉलिश पेपर मारत बसतं.

मामेभावाने शेवटी सिरॅमिक केलं नाही. बंपर-बॉनेटला पीपीएफ लावली, बाकी गाडीला सीलंट, आणि रिन्सलेसची एक बाटली व डझनभर कपडे मागवले. पहिल्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर मला दाखवत दाखवत धुतली. तेव्हा बॉनेटवर मध्येच दोन समांतर चरे दिसले. शोरूमच्या पूजेत झेंडूचा हार तारेने बांधला होता, आणि घरी येईपर्यंत ती तार वाऱ्याने तिथे घासत आली होती. पुढच्या दसऱ्याला हार सुती दोऱ्याने पुढच्या जाळीलाच बांधायचा, आणि हळद-कुंकू त्याच संध्याकाळी ओल्या कपड्याने टिपून घ्यायचं, एवढं मी त्याला बजावलंय.