गिझर आवाज करतोय: साफ करावा, कॉइल बदलावी की नवा बसवावा?

गिझरमधून खदखद, तडतड किंवा शिट्टी ऐकू येऊ लागली की तीन सल्ले मिळतात: आतून साफ करून घ्या, कॉइल बदला, नवाच बसवा. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कधीकधी आवाज गिझरचा नसतोच. पाइपातल्या ठोक्यावर उपाय म्हणून गिझर बदलला, तर तोच ठोका नव्या गिझरसोबतही ऐकू येतो. म्हणून आधी आवाज कुठून येतोय ते पक्कं करा.

आवाज कधी येतो?

सगळे नळ बंद ठेवून गिझर चालू करा आणि वेळ लिहून ठेवा. एक-दोन मिनिटांत सूं-सूं सुरू झालं, पुढे तडतड वाढत गेली आणि थर्मोस्टॅटचा 'टक्' वाजल्यावर थोड्याच वेळात सगळं शांत झालं, तर कॉइलवर क्षार बसलेत. गिझर बंद असतानाही नळ सोडल्यावर घरघर होत असेल, तर दोष नळात, व्हॉल्व्हमध्ये किंवा पाइपात अडकलेल्या हवेत शोधा. नळ झटकन बंद केल्यावर किंवा वॉशिंग मशीन पाणी घेणं थांबवताना धाडकन ठोका बसतो, तो वाहतं पाणी एकदम अडल्याचा धक्का. पाइप भिंतीला नीट क्लॅम्प करणं आणि प्रेशर जास्त असल्यास ते कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणं, हा त्यावरचा इलाज. गरम पाणी गेल्यावर पाइप टिकटिक करतात ते प्रसरणामुळे. क्लॅम्पखाली रबर घातलं की भागतं.

घड्याळ लावण्याचं आणखी एक कारण आहे. १५ लिटरची टाकी आणि २००० वॅटची कॉइल असेल, तर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला हिशेबाने १८ मिनिटं लागतात. २५ लिटरला अर्धा तास. याच्या दीडपट वेळ उलटूनही दिवा विझत नसेल, खदखद वाढत असेल किंवा नळातून वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅट अडकला आहे. अशा वेळी एमसीबी खाली पाडा, कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावू नका आणि टाकी पूर्ण थंड होऊ द्या. थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा स्विच) दोन्ही बदलल्याशिवाय गिझर पुन्हा सुरू करायचा नाही.

साफसफाई

तडतडीच्या बहुतेक प्रकरणांत हाच पर्याय पहिला. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन कॉइलवर बसतं. त्या थराच्या भेगांत पाणी शिरतं, तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे बाहेर येऊन थंड पाण्यात फुटतात. आपण ऐकतो तो आवाज हाच. क्षारांमुळे वीजबिल खूप वाढतं असं सांगितलं जातं, ते विजेच्या गिझरला फारसं लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता शेवटी पाण्यालाच मिळते. खरं नुकसान कॉइलचं होतं: थराखाली ती जास्त तापते आणि लवकर फुटते. म्हणजे आवाज सहन होत असला तरी साफसफाई लांबवणं तोट्याचंच.

कामाचा क्रम चुकवू नका. एमसीबी बंद करा, प्लग काढा आणि टर्मिनलवर वीज नाही ना ते मीटरने तपासा. पाणी थंड होऊ द्या, इनलेटचा कॉक बंद करा, हवा आत जावी म्हणून गरम पाण्याचा नळ उघडा आणि खालच्या जोडातून टाकी रिकामी करा. वायरींचा फोटो काढून मगच त्या सोडवा. थर्मोस्टॅट ओढून काढा, फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या झाकणाचे, नट सोडवा आणि कॉइल सरळ बाहेर घ्या. सुटी खपली हाताने पाडा.

बादलीत तीन लिटर कोमट पाणी आणि सुमारे २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व मिसळा. कॉइलच्या नळ्याच बुडवा, टर्मिनल कोरडी राहायला हवीत. फेस थांबला आणि तरी थर शिल्लक असला, तर ॲसिड संपलं आहे: एवढं सत्त्व जेमतेम १५० ग्रॅम क्षार विरघळवतं. नवं द्रावण करा. पाणी उकळतं घेऊ नका, कारण तापलेल्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेट तळाशी बसतं आणि एका थराच्या जागी दुसरा तयार होतो.

फरशीसाठीचं हायड्रोक्लोरिक ॲसिड इथे चालत नाही. ते धातू खातं. कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. टाकीतच ॲसिड ओतण्याची पद्धतही आम्ही सुचवत नाही. २५ लिटरला ५ टक्क्यांच्या द्रावणासाठी सव्वा किलो सत्त्व लागतं, आणि ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा) आत राहिला तर त्याचं मॅग्नेशियम आधी संपतं. टाकीच्या तळातला चुरा हाताने किंवा प्लॅस्टिकच्या चमच्याने काढा. लोखंडी पट्टीने आतल्या मुलाम्याला चरा पडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

गॅस्केट दर वेळी नवीनच लावा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या, मगच वीज द्या. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

कॉइल आणि ॲनोड बदलणं

कॉइल धुतल्यावर नळीला भेग, फुगवटा किंवा खड्डा दिसला तर साफसफाईवर थांबू नका. मीटर लावून बघा: २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवते. गिझर लावताच आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर वीज पाण्यात किंवा बॉडीत उतरते आहे. तो आरसीसीबी टाळून गिझर चालवणं जिवावर बेतू शकतं. कॉइल उघडली आहेच, तर ॲनोडही पाहा. मधली तार दिसू लागली असेल तर तोही त्याच वेळी बदला. साफसफाईपेक्षा खर्च जास्त, पण टाकी चांगली असेल तर हे पैसे सार्थकी लागतात.

नवा गिझर

फक्त आवाजासाठी नवा गिझर घेऊ नका. तेच क्षारांचं पाणी नव्या कॉइलवरही तोच थर चढवणार. बदलण्याचं ठोस कारण एकच: टाकी गळणं. पाणी फ्लँजपाशी झिरपत असेल तर गॅस्केट बदलून बघा. सांध्यातून किंवा पत्र्यातून येत असेल, तर मुलामा दिलेली टाकी वेल्डिंगने दुरुस्त होत नाही. फक्त गरम नळाला तांबूस पाणी येणं हा त्याचाच आधीचा इशारा, तेव्हा निदान ॲनोड तरी लगेच तपासा. नवा घेताना कॉइल आणि ॲनोड वेगवेगळे काढता येतात का, हे विचारा.

शिट्टी आणि ठिबक

शिट्टी बहुधा सेफ्टी व्हॉल्व्हची असते: क्षारांनी अर्धवट अडलेल्या वाटेतून पाणी जोराने निघतं. व्हॉल्व्ह बदला. तापताना त्यातून थोडं ठिबकणं मात्र योग्यच. २५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलीलिटरने फुगतं. ते थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारू नका. दाब टाकीतच कोंडला तर टाकी फुटू शकते.

गॅस गिझर

इथे निकष वेगळे. पेटताना 'भक्' असा आवाज आला, तर गॅस साचून उशिरा पेटतो आहे. गॅस बंद करा, खिडकी उघडा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत वापर थांबवा. ज्योत पिवळी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, आणि त्याला वास नसतो.

विजेच्या गिझरची साफसफाई झाल्यावर थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्याहून जास्त तापमानाला क्षार झपाट्याने बसतात. ५० च्या खाली साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. तडतड पुन्हा किती महिन्यांनी सुरू होते ते लिहून ठेवा, पुढची साफसफाई त्याच्या महिनाभर आधी करा.